पायाची डॉक्टर

प्रवेशाची यादी लागली त्याच आठवड्यात दर्यापूरच्या बसस्टँडसमोर माझा दहा फुटी फ्लेक्स लागला. 'हृदय शस्त्रक्रिया तज्ज्ञ डॉ. दीक्षा हिचे अभिनंदन.' शुभेच्छुक म्हणून बाबा आणि त्यांचे अकरा मित्र. तज्ज्ञ व्हायला अजून तीन वर्षं शिकायचं आहे, हे मी बाबांना सांगणार होते. पण फोटो बरा आला होता, म्हणून राहून गेलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. मी शिकते त्या अमरावतीच्या दवाखान्यात माझी अजून कमरेच्या वर बदली झालेली नाही. बायपासला पायातली शीर लागते. ती काढायची, तपासायची आणि वर छातीपाशी उभ्या असलेल्या मुख्य सर्जन गीतांजली मॅडमच्या हाती द्यायची, एवढं माझं काम. घरी फोनवर मात्र मी "आज दोन बायपास केले" असं सांगते. आईला हुंदका येतो, आणि मी तो येऊ देते.

मग सूर्यभानकाका आले. बाबांचे जुने दोस्त, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या तुंबलेल्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी उशीर करू नका म्हटलं, तर हे "आपली पोरगी असताना दुसरीकडं काहून?" म्हणत अमरावतीला दाखल. संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा पेन खाली ठेवून म्हणाले, "छाती दीक्षानंच उघडाची. नाई तं मी चाललो घरी."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हा माणूस घरी गेला तर महिनाभर टिकेल याची मी खात्री देणार नाही. तू नेमकं काय करतेस ते त्यांना सांग आणि सही घेऊन ये."

काकांना नुसतं हो म्हणायला माझं काय जात होतं? भूल दिल्यावर छातीशी कोण आहे आणि पायाशी कोण, हे कोणाला कळतं? वॉर्डात पोचेपर्यंत मी खोटं बोलायचं पक्कं केलं होतं. त्यात मी आता चांगलीच तयार झाले होते.

काका शेजारच्या पेशंटला सांगत होते, "हे पाहा, हीच ते. आमच्या मोतीरामची. हिच्या हाती जीव द्याले मले काई भेव नाई."

मला इतकी लाज वाटली की तोंडातून खरंच निघालं. "काका, मी छाती उघडत नाई. मी फक्त पायातली शीर काढतो. छातीचं काम मॅडम करतात."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं तिकीट न काढलेल्यांकडे ते असेच बघत असणार.

"मंग मोतीराम गावभर काय सांगून राहिला?"

"मीच तसं सांगतलं त्यायले."

"बरं. उद्या तुया बापाले असं झालं, तं त्याची छाती तू कापशीन?"

मला ऑपरेशनच्या टेबलावर बाबा दिसले. "नाई. मॅडमलेच करू देईन."

"अन् पाय?"

"पाय मी करीन. दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाई."

काकांनी पेन उचललं आणि सही केली. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं, पण त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि बाबांना स्पीकरवर घेतलं. "मोतीराम, तुयी पोरगी अजून पायाचीच डॉक्टर हाय बाप्पा! आताच कबूल केलं तिनं. म्हणून सही करून देली मी."

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. दीड वर्षाची माझी सगळी अब्रू त्या एका मोबाइलात गेली होती, आणि तरी मला कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं.

"दीक्षा," बाबा पलीकडून म्हणाले, "सूर्यभान चालत घरी आला पायजे. पाय नीट करजो."

दुसऱ्या दिवशी मी तो केला, आणि नवव्या दिवशी काका चालत घरी गेले.