दारातला मावळा

राघूनं आडवी दोरी ओलांडली आणि पुतळ्याच्या मुठीतली तलवार हलवून पाहिली. पक्की बसवली होती.

पुतळ्याच्या खांद्यावर राघूच्या बापाची, बहिरूची, घोंगडी होती. आमदारसाहेबांनी जुन्नरात संग्रहालय काढलंय, त्यात मेंढपाळांनाही जागा मिळणार, असं सांगून राघूचा मुलगा दादाभाऊ ती डिंगोऱ्याहून घेऊन आला होता. घोंगडीबरोबर काठीही दिली होती. आज उद्घाटन, आणि काठी कुठंच दिसत नव्हती. पाटीवरचं एकेक अक्षर लावत राघूनं वाचलं: ‘शूर मावळा बहिरू, सतरावे शतक. घोंगडीवरचे छेद शत्रूच्या वारांचे.’

त्याची कानशिलं तापली. घाटघरच्या माळावर मेंढरांत बिबट्या शिरला, तेव्हा बहिरू कोकरं पोटाशी घेऊन आडवा पडला होता. घोंगडी फाटली होती ती बिबट्याच्या नखांनी.

“पावणं,” त्यानं तिथल्या रखवालदाराला हटकलं, “माजा बाप आणीबाणीच्या साली गेला. त्यानं जल्मात तलवार धरली न्हाई. काढा ती.”

“बाबा, साहेब येतायत. इथल्या घराघरात मावळा होता, हेच सांगणार आहेत ते भाषणात.”

“मंग मेंढरं कुणी राखली?”

तेवढ्यात स्वागताचा फेटा बांधलेला दादाभाऊ लगबगीनं आत आला.

“तुज्या आज्याचं काय केलंय बघ यांनी.”

दादाभाऊनं पाटीकडं पाहिलंही नाही.

“यांनी न्हाई, आबा. म्याच सांगितलं तसं लिवायला.”

“तू? का म्हून?” राघूनं विचारलं.

“मेंढरामागचा माणूस म्हणून त्याला मागच्या खोलीत ठेवणार व्हते, जात्या-उखळापाशी. तलवार दिली, तवा दारात घेतला. आजवर आपल्याला कुणी पुढं बसवलंय का?”

बाहेर ताशा कडाडला. राघूनं पुतळ्याच्या खांद्यावरची पिन काढली, घोंगडी उतरवली, झटकली आणि डोक्यावरून घेतली. रखवालदार धावला. दादाभाऊनं हात आडवा घालून त्याला अडवलं, पण बापाकडं मान वर करून पाहिलं नाही.

राघू दारात जाऊन उभा राहिला. समोर साहेब पायऱ्या चढत होते. पुढची माणसं वाट मोकळी करत होती.

“सरका बाबा, बाजूला सरका.”

राघू सरकला नाही.