चतुराबाईच्या घरचं सूप

नुकतंच जन्मलेलं लेकरू सुपात घालून उकिरड्यावरून ओढताना तुम्ही कधी पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे, कारण ते सूप मीच.

मानोऱ्याकडच्या बुरडानं मला बांबूच्या कामट्यांनी विणलं. पोहरादेवीच्या जत्रेत गोजराबाईनं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि अनसिंगजवळच्या आपल्या गावी आणलं. घरात नवी सून आली होती, चतुराबाई. तिनं मला शेणानं लिंपलं, उन्हात वाळवलं. ज्वारी पाखडताना ती गुणगुणायची.

मग तिचं पहिलं लेकरू माझ्यात निजलं. ते गोवरानं गेलं. दुसरं दुष्काळात हगवणीनं गेलं. तेव्हापासून पाखडताना नुसता माझाच आवाज. तिसरी गंगू जगली. चौथा मुलगा झाला, तेव्हा गोजराबाईनं त्याला माझ्यात घालून उकिरड्यावरून ओढलं. इकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. तेच त्याचं नाव ठेवलं. टाकलेलं लेकरू समजून तरी मरणानं त्याला सोडावं, एवढीच तिची आशा.

शहात्तर साल आलं. समोरच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला गेला. एका दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई चतुराबाईजवळ येऊन बसल्या.

"उद्या नसबंदीच्या शिबिराची गाडी येतेय. तुझ्या नवऱ्याला पाठव. परदेशात बघ, घरात दोनच मुलं. म्हणून ते देश सुधारले."

"तिकडल्या बायाइचे मरतात किती?"

"तिथे लेकरं सहसा मरत नाहीत गं."

"मंग त्याइले दोन पुरतात, बाई. माहे चारातले दोन राह्यले. यातलं कोनतं राहीन, हे मी कोनाले इचारू?"

नर्सबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "पण पाचवं बाळंतपण तुला सोसणार नाही, चतुरा. मागच्या वेळी तू कशी वाचलीस, ते मी पाहिलंय."

तेवढ्यात आत उकंडा रडला. कालपासून त्याला जुलाब होत होते. नर्सबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं. "मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. सकाळी गाडीतून यालाही दवाखान्यात नेऊ."

त्या गेल्यावर चतुराबाईनं वाटी भरली. गोजराबाईनं ती काढून घेतली.

"पानीच तं भायेर पडून राह्यलं लेकराच्या पोटातून. आनखी पानी कायले पाजतं व?"

गोजराबाईनं आपली लेकरंही अशीच जपली होती. चतुराबाई सासूला उलटून बोलली नाही. ओल्या फडक्यानं तिनं उकंड्याचे ओठ तेवढे पुसले.

दिवस कलताना तिचा नवरा जगदेव खडी फोडून आला. उकंड्याचे डोळे खोल गेले होते. बराच वेळ तो त्याच्या उशाशी बसला.

"मी जातो उद्या त्या गाडीत," तो म्हणाला. "पाचव्यात तू गेली तं या दोघाइले कोन पाहीन?"

"आन हा गेला तं?"



आता माझ्या कामट्या निघाल्या आहेत, शेणाचे पोपडे सुटले आहेत. बायांनो, मला दाणे द्या, खडे द्या, मी निवडून देईन. पण लेकरू माझ्या भरवशावर ठेवू नका. मी बांबूचं सूप आहे, मरणाला अडवणं मला जमत नाही. लेकराला पाणी पाजा.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी, गाडी यायच्या आधीच उकंडा गेला. मग गाडी आली, आणि जगदेव तिच्यात बसला नाही.