लेझरपुढे गुळगुळीत हात

त्या घरातल्या बाथरूमचं दार दर रविवारी तासभर आतून बंद असायचं. आधी लेक आत जायची, मग आई. आत काय चालतं हे दोघींनाही ठाऊक होतं, पण दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नव्हतं. नळाला पाणी कमी येतं म्हणून वेळ लागतो, अशी वडिलांची पक्की समजूत. त्यांनी दोनदा प्लंबरही बोलावला होता.

लेक घड्याळांच्या दुकानात काउंटरवर होती. ओठावरचे केस रविवारी निघायचे, पण हातांवरचे दाट काळे केस तसेच, म्हणून ती बारा महिने पूर्ण बाह्या घालायची आणि घड्याळ बाहीवरूनच बांधून दाखवायची. गिऱ्हाईक घड्याळ सोडून कापडाची चौकशी करायचं. अखेर मालकांनी फर्मान काढलं: पुढच्या महिन्यापासून अर्ध्या बाह्यांचा गणवेश, ज्यांना जमत नसेल त्यांनी गोदामात जावं. गोदामात बोलायला खोके होते आणि हिला तर माणसांशी बोलल्याशिवाय जेवण पचत नसे. तिने लेझरच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

आदल्या संध्याकाळी आईने तिचे हात पाहिले आणि धसकाच घेतला. "अशा हातांनी जाणार? परक्या बाईसमोर?" मग दोघींनी दार लावून वॅक्स केलं. माशी बसली तर घसरून पडावी, असे हात झाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी भिंगातून हात पाहिला, उलटा करून पाहिला, मग भिंग पुसलं.

"केस कुठे आहेत?"

"काल काढले."

"का?"

"तुम्हाला दिसू नयेत म्हणून."

डॉक्टरबाईंनी हे शांतपणे केसपेपरवर लिहून घेतलं. या आठवड्यातली ही चौथी, म्हणाल्या. "लेझर केसाच्या मुळातला काळा रंग पकडतं. तुम्ही मूळच उपटून आलात, आता मी काय पकडू? महिनाभर वॅक्स नाही, चिमटा नाही, वस्तराही नको. किती दाट येतात ते एकदा बघू द्या."

लेकीचं कुतूहल जागं झालं. तिने प्रश्नांची सरबत्तीच लावली. दुखतं का? ताणलेलं रबर चटकन बसावं तसं. एकदा केलं की संपलं? नाही, पाच-सहा खेपा तरी, आणि नंतरही थोडे उगवतात. करावंच लागतं का?

"कोण म्हणालं? क्रीम लावा, वस्तरा फिरवा, नाहीतर काहीच करू नका. हात तुमचे आहेत."

तेवढ्यात आईने हळूच एका लांबच्या नातेवाईक बाईंच्या हनुवटीचा विषय काढला. डॉक्टरबाई छताकडे बघत म्हणाल्या की पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही आणि राठ केस अचानक वाढले असतील, तर त्या बाईंनी रक्त तपासून घ्यावं.

अर्ध्या बाह्यांचा महिना सुरू झाला आणि हातांवर केसही परत उगवू लागले. किती जण हाताकडे बघतात, याची लेक कागदावर नोंद ठेवू लागली. तीन आठवड्यांत दोन. त्यातले एक आजोबा किमतीची चिठ्ठी शोधत होते. दुसरी एक बाई. कडक उन्हातही मनगटापर्यंत बाह्या. तिने बाहीसकटच हात पुढे केला, मग लेकीच्या हाताकडे बघत राहिली. बराच वेळ. लेकीची कानशिलं तापली, पण हात तिने मागे घेतला नाही. बाईने सावकाश बाही कोपरापर्यंत दुमडली. तिच्याही हातावर तेच.

"इथेच बांधा," ती म्हणाली.

महिन्याने डॉक्टरबाईंनी विचारलं, "मग, करू या सुरू?"

"ओठावरचे काढा. हात राहू देत, ते आता नोकरीला लागलेत."

मागून आई म्हणाली, "आणि ती लांबची नातेवाईक म्हणजे मीच."

"माहीत आहे. रक्त कधी देताय?"

वाचकहो, अंगावरचे केस ठेवावेत की काढावेत, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण लाजेपोटी डॉक्टरांपासूनच लपवलं, तर ते बिचारे भिंग पुसण्यापलीकडे काय करणार?

त्या रविवारी बाथरूमचं दार सताड उघडं होतं. आई हनुवटी वर करून उभी, लेक एका हातात आरसा, दुसऱ्यात चिमटा धरून. वडील दारात थबकले, त्यांनी चिमट्याकडे बघितलं, नळाकडे बघितलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "पाणी येत होतं?"