हौद्यातला पट्टा

आमच्या संगमेशला एक खोड हाय. घरात कुणाला विचारायचं नाही अन् चहाच्या टपरीवर चार टाळकी भेटली की त्यांच्या सल्ल्यानं सौदे करून यायचं. माझ्या पोटचा हाय म्हणून बोलते. दुसऱ्याचा असता तर पदर तोंडाला लावून हसले असते.

नगरहून जुना ट्रक आणला, तो आधी तलावाच्या कामावर लावला. दगड वरून आदळतो, त्याला दयामाया नसते. तिसऱ्या आठवड्यात मागच्या हौद्याच्या, माल भरतात तिथल्या, फळ्या फुटल्या. एका जागी तर खालचा रस्ता दिसायला लागला. आतून काहीतरी दणकट बसवणं भाग होतं. मी म्हटलं, जरा दम धर, चार ठिकाणी बघू. हा बीडला गेला अन् फळ्यांवर गुळगुळीत लोखंडी पत्रा ठोकून आला.

"माय, आता समद्या नव्या गाड्यांना हेच हाय. फावडं बघ कसं सुळकन जातं!"

जातं, खोटं कशाला बोलू? दगडाला पत्रा चांगलाच. पण आमची गाडी बारा महिने दगडावर थोडीच चालते? दसरा झाला की शिरूर कासारचा सटवा मुकादम ऊसतोडीची टोळी घेऊन निघतो. टोळीसंगं बैलं असतात. ते काम मिळालं तर गाडीला शिमग्यापर्यंत उसंत नाही. न्हाई मिळालं तर गाडी दारात उभी. सटवा दुसऱ्या दिवशी गाडी बघायला येणार होता.

मी विचारलं, "बैल चढवून बघितला का?"

"बैल काय, हत्ती चढव. पत्रा वाकायचा न्हाई."

"पत्र्याचं कोण विचारतंय? बैल उभा राहील का, ते सांग."

"तू दुसरी शिकलेली, माय. तुला काय सांगू?"

दुसरीच शिकले. पुढचं बैलांनी शिकवलं. त्याला तोंडानं सांगण्यात अर्थ नव्हता. मी खडी क्रशरवाल्या अर्जुनरावाला निरोप धाडला. दगड मशिनीत चढवणारा रबरी पट्टा त्यानं नुकताच बदलला होता. जुना पट्टा अंगठ्याएवढा जाड, आत कापडाचे थर. दहा वर्षं दगड अंगावर घेऊन कडेलाच तेवढा फाटलेला. त्याचे दोन मोठे तुकडे सकाळीच मागवले.

अर्जुनराव स्वतः घेऊन आला. "काकू, कशाला हवा हो पट्टा?"

"लेकाची अक्कल झाकायला."

सटवा आला तो आपला बैल घेऊनच. चांगला मुकादम गाडीचं इंजन मागाहून बघतो, हौदा आधी. संगमेशनं गाडी उलटी घेऊन बांधाला भिडवली, म्हणजे जनावर सरळ आत जातं. बैल दोन पावलं आत गेला. नाल मारलेला खूर पत्र्यावर सरकला अन् बैल पुढच्या गुडघ्यांवर आला. सटवानं झेप घालून कासरा धरला. बैलाला लागलं नाही, पण पोट भात्यासारखं हलत होतं. सटवा त्याची मान चोळत राहिला.

"आक्का, उभ्या गाडीत ही गत. घाटात ब्रेक लागला तर बारा जनावरं एकमेकांवर पडतील. म्या दुसरी गाडी बघतो."

"सटवाभाऊ, वर पाचट टाकतो की!" संगमेश म्हणाला.

"पाचट जामखेडपतुर बी टिकत न्हाई, बाबा."

"सटवा," मी म्हटलं, "उठायची घाई करू नको. चहा व्हायचाय अजून."

संगमेश अन् अर्जुनरावानं मिळून पट्टा पत्र्यावर अंथरला. बैल पुन्हा आणला. आधी त्यानं वास घेतला, मग पाय टेकला. नाल रबरात रुतला. सटवानं खांद्यानं त्याला आडवा रेटला, पुन्हा रेटला. बैलानं मान वळवून असं बघितलं, की तुला दुसरं काम न्हाई का!

बैल उतरवल्यावर संगमेशला हौद्याच्या बाजूच्या फाळक्यावरून मोठा दगड आत टाकायला लावला. पत्र्यावर हाच दगड ठणकन उडायचा. इथं धप्प झालं अन् जागच्या जागी बसला.

तेव्हा कुठं लेकानं शहाण्यासारखं विचारलं, "फावडं अडकंल न्हाई?"

"बोल्टाची डोकी रबरात बुडवून बसव. कडंला भोकं ठेव, पाणी साचू देऊ नको. तरी थोडं अडकंल. घाम जास्त येईल, येऊ दे. जनावर मोडण्यापेक्षा बरा."

सटवानं टोपी सारखी केली. "असा पट्टा बसवून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी शिरूरला धाडा. बोली पक्की."

अर्जुनराव अन् सटवा समोर असतानाच मी लेकाकडे वळले. एकट्यात सांगितलं असतं तर त्यानं ऐकून सोडून दिलं असतं.

"संगमेश, पत्रा काढायचा न्हाई, तो खाली राहू दे, पट्ट्याला आधार होईल. तितकी तुझी निवड खरी. पण तू रिकामी गाडी बघून अस्तर निवडलंस, बाळा. गाडी तू चालव. तिच्यात कोण बसणार, काय भरणार अन् खाली काय अंथरायचं, हे हितून पुढं मला विचारल्याबिगर ठरायचं न्हाई."