न प्यायलेलं पाणी

"पंखा बंद कर गं," बाबा म्हणाले.

पंखा सकाळपासून बंदच होता. सुनेनं त्यांच्या अंगावर दुसरी चादर घातली. त्यांचे दात वाजत होते, आणि कपाळाला हात लावला तर चटका बसत होता.

सासऱ्यांनी उभा जन्म पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवली होती. छताखालच्या एवढ्याशा केबिनमध्ये एकदा चढलं की पाळी संपेपर्यंत उतरायचं नाही. लघवी लागली तरी दम धरायचा. त्याचा त्यांना तोराच होता. "आमचं म्हणजे सरकारी खजिना, सहजासहजी उघडत नाही," असं सांगून ते दोस्तांना हसवायचे. सुनेसमोर मात्र हा विनोद त्यांनी कधी केला नाही. तिला तो नवऱ्याकडून कळला होता.

म्हातारपणी खजिन्याचं कुलूपच बिघडलं. मोरीत ताटकळत उभं राहायचं, थेंब थेंब व्हायचं, आणि बाहेर येतायेता पायजमा ओला. सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी होती. सुनेला कुठल्या तोंडानं सांगणार? बाबांनी आपल्यापुरता तोडगा काढला. पाणीच तोडलं.

"जेवताना तरी घोटभर घ्या, बाबा."

"तहानच नाही गं."

कंबर धरून बसू लागले, तेव्हा जुनंच दुखणं म्हणाले. उलटी झाली, तेव्हा जेवण बाधलं म्हणाले. आणि आता चादरी भिरकावून ते खिडकीशी गेले आणि खाली हात करून ओरडू लागले, "बाजूला व्हा! भार सोडतोय, बाजूला व्हा!"

खाली रस्त्यावर कुणीही नव्हतं.

"भ्रमलेत. वयच झालं," नवरा हताशपणे म्हणाला. "झोपले की उतरेल."

"वय कसलं? अंग भाजतंय त्यांचं. आधी गाडी बघा."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी बरगड्यांखाली पाठीवर हलकेच थोपटलं, तर बाबा कळवळले. नळी घातल्याबरोबर पिशवी भरत गेली, गढूळ आणि उग्र वासाची.

"प्रोस्टेट वाढलंय, म्हणून लघवी तुंबत राहिली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यात जंतू वाढले, ते वर किडनीत गेले, आणि आता रक्तात पसरलेत. या वयात माणूस बरळतो ते त्यामुळंच. सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलंय. थोडं आधी आणलं असतंत, तर..."

"पाणी पाजू का त्यांना?" सुनेनं विचारलं.

"आता नको. गिळण्याइतकी शुद्ध नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी डोळे उघडले. नजर ओळखीची होती. अंगावरच्या कोरड्या कपड्यांकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"हे... तू बदललंस?"

"छे हो, बाबा. नर्सनी."

ती खोटं बोलली. आल्यापासून तिनंच बदलले होते.

"बरं झालं," ते म्हणाले. चेहरा सैलावला आणि डोळे पुन्हा मिटले.

संध्याकाळपासून रक्तदाब उतरत गेला. औषधं वाढवली, बाटल्या बदलल्या, तरी तो सावरलाच नाही.

सगळं संपल्यावर नर्स नळी काढायला आली. सुनेनं खाटेभोवतीचा पडदा ओढला. कडेला फट राहत होती, ती चिमटीत धरून ती बाहेरच्या बाजूला, पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. नवरा धावतपळत आला आणि थेट आत शिरू लागला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "बाबांचं आवरतायत."