वरचा कंद, खालचा कंद

माथा

डोंगरावर माती वीतभर. खाली दगड. रानकंदाला तिथं खोल जायला जागाच नाही, मग तो आडवा पसरतो, आल्यासारखा वाकडातिकडा होतो. वर सगळंच आखूड: माती, कंद, आणि कौशल्याबाईच्या मते तिथली माणसंही.

तिथली माणसं म्हणजे तिची विहीण, सोजरबाई.

उतार

दोघींमध्ये मिळून एक नात झाली होती आणि तिच्या नावावरून वाजलं होतं. कौशल्याबाईला आपल्या आईचं नाव हवं होतं, सुभद्रा. सोजरबाईचं भाग्यलक्ष्मी ठरलेलं. पाळण्यात नाव ठेवणार आत्याच, दीपमाला. पण तिला ते सांगायचं कुणी, यावर गाडी अडली. भांडण नावावरून घराण्यांवर घसरलं, घराण्यांवरून गावांवर, आणि सोजरबाई बोलून गेली की पायथ्याच्या कंदाला चवच नसते. कौशल्याबाईनं तिथंच पैज लावली. बारशाला दोघींनी एकेक कंद आणायचा, अखंड. कापसाच्या काट्यावर जिचा जड भरेल, तिचं नाव.

पायथा

बारशाच्या सकाळी सोजरबाई डोंगरावरच्या इंद्रवेल्लीकडून जीपनं खाली आली. तिनं पिशवीतला कंद काट्यावर ठेवला आणि पारडं दणकन जमिनीला टेकलं. उद्धवराव, म्हणजे कौशल्याबाईचे यजमान, वाकून बघू लागले. कंदाच्या पोटात दगड होता. वाढता वाढता वाट अडली, तशी कंदानं दगडालाच मिठी मारली होती.

कौशल्याबाईनं दगड काढायला सांगितला.

“काऊन? म्या थोडाच घातला? त्याचा त्यानंच धरला,” सोजरबाई म्हणाली. “अन् अखंड आणाचं ठरलं व्हतं ना ईनबाई?”

उद्धवरावांना दोन्ही बाजू पटल्या. ते मांडव बघायला निघून गेले.

कौशल्याबाईनं पदर खोचला आणि ती खणायची लोखंडी सब्बल घेऊन गोठ्यामागच्या नाल्याकाठी गेली. तिथला वेल तिनं पावसाळ्यापासून हेरून ठेवला होता, आणि हेरताना तिचा हिशोब सरळ होता: डोंगरावरची माती दर पावसाळ्यात धुऊन कुठं येते, तर आपल्या गोठ्यामागं, तिथं कंदाला अडवायला खडाही नाही, ओल भरपूर, म्हणून तो हवा तेवढा वाढणार. हिशोब बरोबर होता. फक्त आडव्याऐवजी तो सरळ खाली वाढला होता. मांडीएवढा जाड कंद, आणि टोक काही दिसेना. ओढावा तर मोडेल, मोडला तर अखंड कसला? म्हणून ती खणत राहिली. नवी पैठणी मातीत गेली, आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग खड्ड्याबाहेर नुसता अंबाडा उरला, आणि शेवटी तोही दिसेनासा झाला.

पायथ्याच्याही खाली

“ईनबाई, तुमी विहीर खोदून राह्यल्या का?” वरून सोजरबाईचा आवाज आला.

कौशल्याबाईनं खालून कळवलं की कंद आहे तिथंच मोजलेला धरावा आणि हार कबूल करावी. सोजरबाई म्हणाली, टोक बघितल्याशिवाय नाही.

“मंग उतरा.”

सोजरबाई उतरली. खड्डा एकीपुरता होता. आता त्यात दोघी, पोटाला पोट लावून, मधे कंद. वाकता येईना, चढता येईना, एकमेकींकडे पाठही फिरवता येईना.

तिकडे मुहूर्त टळत होता. दीपमालानं दोन्ही आज्यांची वाट पाहिली. नाव सांगायला कुणीच येईना, तेव्हा तिनं पाळण्यात तोंड घातलं. माइकवरून कुर्रर्र ऐकू आलं, मग पाठीवरचे धपाटे, मग नाव.

चैत्राली.

खड्ड्यात दोघींनी माना वर केल्या.

“कार्तिकातली पोर,” कौशल्याबाई म्हणाली, “अन् चैत्राली?”

“कार्तिकातली,” सोजरबाई म्हणाली. लग्न जमल्यापासून दोघींचं एकमत पहिल्यांदाच होत होतं. त्या संतापात दोघींनी कंदाला चार हातांनी मिठी घातली आणि असा हिसका दिला की तो टोकासकट, अखंड, निघून आला.

हाका ऐकून उद्धवराव खड्ड्याशी आले. खालून दोन हात वर आले, एक बायकोचा, एक विहिणीचा. आधी कोणता धरावा, याचा त्यांनी नीट विचार केला. दोन्हींचे परिणाम डोळ्यांपुढे आणले.

मग त्यांनी आधी कंद वर घेतला.