पटलावर ठेवलेलं उत्तर

बावीस वर्षं मी बोईसरच्या एकाच कंपनीच्या गेटवर हजेरी लिहितोय. पास बघायचा, पासवरचं नाव वहीत उतरवायचं, तोंडाकडे बघायचं नाही. ठेकेदार नव्या माणसाचा पास काढतच नाही. सोडून गेलेल्याचा पास नव्याच्या गळ्यात अडकवतो. सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा मला एकट्याला शिव्या घालू नका.

देवू असाच आला होता. सफाळ्याच्या डोंगराकडच्या पाड्यावरचा, भात कापून झालं की चार महिने कामाला. गळ्यात पास धीरजचा. हा धीरज दिवाळीला गावी गेला तो परतलाच नाही. देवूनं मला चिमूटभर तंबाखू दिली, मी वहीत 'धीरज' लिहिलं, आणि तासाभरात रिअ‍ॅक्टर उडाला. राख नि पत्रे डंपरनं उचलले. कंपनी म्हणाली, दोन जखमी, मेलं कुणी नाही, आणि धीरज तर गावी ठणठणीत आहे. देवू? कोण देवू?

त्याची बायको तानी माझ्याकडे आली. पाड्यावरची जाणती माणसं त्याचा दिवस, म्हणजे मेल्यामागचं कार्य, घालू देईनात. म्हणाले, मेलेला कुणी बघितला? निदान आत जाताना ज्यानं बघितला त्यानं येऊन चारचौघांत सांगावं, मग घालू दिवस. तोवर ती ना सवाष्ण, ना रांडाव.

मी म्हणालो, "अगं, थांब जरा. आपले खासदार लोकसभेत प्रश्न विचारणार आहेत. प्रश्नांच्या चिठ्ठ्या काढतात, त्यात चौथा नंबर लागलाय. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न. तिथं लपवाछपवी चालत नाही."

किती ऐटीत सांगितलं मी! खासदारांचा माणूस कृष्णकांत माझ्याकडे दोनच ओळी मागत होता. "आनंदाराव, देवूला आत जाताना पाहिलं, एवढं लिहून द्या. साहेबांच्या हातात काहीतरी पाहिजे." मी उद्या देतो, उद्या देतो करत तीन आठवडे काढले. रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेत माझे. म्हटलं, एवढी मोठी संसद बसलीय, ती काढेल की बाहेर.

त्या दिवशी तानी धुतलेलं लुगडं नेसून दहालाच माझ्या खोलीवर आली आणि टीव्हीसमोर बसली. अकराला कामकाज सुरू झालं. फलक नाचायला लागले, घोषणा सुरू झाल्या. पहिल्या प्रश्नाचा मंत्री उठला, त्याचा एक शब्द ऐकू येईना. चौथ्या मिनिटाला सभागृह बारापर्यंत तहकूब.

"आता कवा येतील?" तानीनं विचारलं.

"बाराला. पण प्रश्नांचा तास गेला."

बाराला पुन्हा तोच गोंधळ. त्या गोंधळातच एक विधेयक आलं. कारखान्यांनी नियम मोडले तर तुरुंगाऐवजी दंड, असं खालच्या पट्टीवर वाचलं. ज्यांना मान्य त्यांनी होय म्हणा, नसेल त्यांनी नाही म्हणा, झालं, मंजूर. घड्याळ लावून नऊ मिनिटं! आमच्या चाळीत पाण्याच्या टाकीवरून याहून जास्त चर्चा होते.

मग कृष्णकांतनं मोबाईलवर आमच्या प्रश्नाचं छापील उत्तर पाठवलं. तोंडी झालं नाही म्हणून सभागृहाच्या पटलावर नुसतं ठेवलेलं. 'कारखान्याच्या हजेरी वहीनुसार देवू नावाची व्यक्ती त्या दिवशी आवारात नव्हती. मृत्यू : निरंक.'

मी फोन केला. "उपप्रश्न?"

"तास बुडाला की उपप्रश्न कसला? आणि विचारायला कागद कुठे होता, आनंदाराव?"

हजेरी वही म्हणजे माझी वही. कंपनीनं ती जिल्ह्याला दाखवली, जिल्ह्यानं मुंबईला कळवलं, मुंबईनं दिल्लीला. एवढ्या साहेबांनी सह्या ठोकल्या, पण मुळात खोटं लिहिलं ते माझ्या हातानं.

"काय लिवलंय?" तानीनं विचारलं.

"देवू आत नव्हता म्हणतात."

"पन भाऊ, गेटवर तर तुमीच होता. त्यानं तुमाला तंबाखू दिली, तुमीच सांगलंत." मग ती उठली. "दिल्ली कशाला पायजे? तुमी चला पाड्यावर. मोठ्यानं सांगा, मी बघितला म्हणून. मी उद्या त्याचा दिवस घालते."

"दोनची ड्यूटी आहे माझी," मी म्हणालो. थू माझ्या जिंदगीवर!

दोनला मी गेटवर बसलो. रस्त्यापलीकडे तानी येऊन उकिडवी बसली होती. ठेकेदाराची माणसं आली. शेवटचा नवा होता, डोंगराकडचाच दिसत होता. पासवर अनुज. अनुजला मी ओळखतो, त्याला टक्कल आहे. याच्या डोक्यावर केसांचं रान.

"नाव काय रे तुझं?" बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं मी.

त्यानं ठेकेदाराकडे बघितलं. मग म्हणाला, "अनुज."

तानी तिकडून बघत होती. मी वहीत अनुज लिहिलं.